उंबऱ्यात अडवलेली लाट

कुरवेळच्या टोकावर आलेली लाट केतकी कुबलने उंबऱ्यात अडवली, तेव्हा त्या लाटेवर केतकीचा भाऊ जयवंत उभा होता.

अडवण्यामागे कसलाही वाईट हेतू नव्हता. कुरवेळला रस्ता नाही. खाडी तरीने ओलांडायची, कातळाचा सपाट, उघडा सडा तुडवायचा आणि काजूच्या रानातून खाली उतरायचे. खाली डोंगराची सोंड समुद्रात शिरलेली आहे. तिला वळसा घालून येणारी लाट तिच्या टोकाशी, नाकाडावर, फुटू लागते आणि एकाच अंगाने, कडेकडेने फुटत, कुबलांच्या माडांपर्यंत धावत येते. अशा लाटेसाठी लोक दर्या ओलांडून देशोदेशी हिंडतात, असे जयवंत सांगत असे. पर्यटकांच्या एका किनाऱ्यावर काही वर्षे नोकरी करून तो फळीवर उभे राहायला शिकला होता आणि ती फळी डोक्यावर घेऊन गावी परतला होता. गावात होडीतून येणारे पुष्कळ होते, पोहत येणारेही होते; लाटेवर उभा राहून येणारा तो पहिलाच.

माडांच्या अलीकडे पाण्यात एक आडवा खडक आहे. गाव त्याला उंबरा म्हणते. केतकी त्या उंबऱ्याशी कमरेइतक्या पाण्यात उभी होती. पांढऱ्या काठाचे हिरवे काहीतरी डौलात येते आहे आणि त्याच्या सोबतीने आपला भाऊ ताठ उभा आहे, हे पाहून तिचे दोन्ही हात आपोआप पसरले. लग्नाच्या वरातीपुढे पसरतात तसे.

"नाव घे आदी," ती ओरडली, "मगे आत ये!"

लाट थांबली.

ती ओसरली नाही की फुटली नाही. छातीइतक्या उंचीची, काचेसारखी पारदर्शक, शेंड्याला फेस अर्धवट वळलेला, अशी ती उंबऱ्यापुढे उभी राहिली. तिच्या पोटात शेवटे माशांचा एक थवा इकडून तिकडे फिरत होता. फळीवर जयवंत गुडघे वाकवून उभा होता आणि त्याला अजून काय झाले ते कळले नव्हते.

वाळूवर त्याची आई आणि बायको उभ्या होत्या. बायको हर्षला देशावरची, आजऱ्याकडची. लग्न होऊन ती कुरवेळला आली त्याला फार दिवस झाले नव्हते. तिने सासूकडे पाहिले. सासूने कपाळावर हात मारला.

"केतक्या, काय केलंस गो ह्या?"

"मस्करी केलंय, आये!" केतकीने हात झटकन खाली घेतले. "जा गो बाय, जा. मी नाय अडवणा."

लाट हलली नाही. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. दार अडवण्याचा आचार थट्टेने सुरू होतो, परंतु थट्टेने मागे घेता येत नाही. एकदा नाव मागितले की नाव यावे लागते. ते येईपर्यंत नवरीने उंबऱ्याबाहेर थांबायचे आणि तिच्याबरोबर आलेल्याने तिच्यापाशी. जयवंत फळीवर बसला, तर लाट खालून उचंबळून त्याला पुन्हा उभा करी. त्याने पाण्यात उडी घेतली. लाटेने त्याला अलगद झेलून फळीवर ठेवले आणि फळी सरळ केली.

"आये," तो म्हणाला, "माका उतराक देयना गो ही!"

दुपार कलली तशी मागची लाट आली आणि पहिलीच्या पाठीशी थांबली. तिच्यामागे आणखी एक. कोणीही पुढे घुसले नाही. पाहता पाहता क्षितिजापर्यंत लाटांच्या रांगा लागल्या. भरती येईना आणि ओहोटीही लागेना. पहाटे मासेमारीला गेलेल्या होड्या त्या रांगांच्या पलीकडे अडकल्या.

तेव्हा तातू गावकर माडांखाली आले. गावातल्या चालीरीतींचा निर्णय त्यांच्याकडे असे. त्यांनी लाटेची नीट पाहणी केली, जयवंतची केली आणि खडकावर बसकण मारली.

"नाव घेवक तिचा काय जाता?" ते म्हणाले. "दोन ओळी म्हणात आणि येत आत."

"ती नाव घेऊन आत आली तर कुबलांची सून होते, तात्या," हर्षला म्हणाली. "मग मी कोण?"

तातूंनी विचार केला. "तू थोरली."

हर्षलाने पदर खोचला. ग्रामसेवकांना फोन लावण्यात आला. पहिली पत्नी हयात असताना दुसरीची नोंद करता येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. मात्र उंबरा भरतीच्या रेषेखाली असल्याने त्यापुढचा विषय आपल्याकडे येत नाही, हेही सांगितले.

"नोंद नाय झाली तरी सवत ती सवतच," सासू पुटपुटली.

एवढ्यात लाटेतून आवाज आला. तोवर किनाऱ्यावर जमलेल्या गावातल्या बायका पुढे सरकल्या. लाट उखाणा जुळवत होती.

"काळ्या काळ्या खडकावर फेसाची रांगोळी…"

पुढे काही येईना. थोडे थांबून तिने पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा रांगोळीपाशी अडखळली.

"तिका नाव म्हाईत नाय!" केतकी कुजबुजली.

हे सर्वांना एकदमच पटले. ती दुरून आलेली. वर उभा असलेला कोण, कुठला, तिला कोण सांगणार? तेव्हा कुबलांच्या घरचे सगळे सुख आता एवढ्यावर लटकले होते, की किनाऱ्यावर कोणी जयवंतचे नाव उच्चारू नये. हर्षलाला ते जड नव्हते. ती एरवीही त्याला 'अहो'च म्हणे. सासूची मात्र पंचाईत झाली.

"अरे जय…" तिने हाक घातली आणि हर्षलाने धावत जाऊन तिच्या तोंडावर हात ठेवला. लाटेचा शेंडा आवाजाच्या दिशेला किंचित वळला होता.

"आये, 'झिला' म्हणा. नुसतं झिला."

"झिला," सासू रडवेल्या आवाजात म्हणाली, "भूक लागली काय रे?"

"लागली तर! पायांक गोळे इले."

तातू गावकर उठून उभे राहिले. ते दुष्ट गृहस्थ नव्हते. पण त्यांची नजर समुद्रावरून हलत नव्हती.

"माझो झील भायर आसा, हर्षला," ते म्हणाले. "काळोख पडाच्या आदी होड्ये आत येवक व्हये. दिवस दर्याक टेकलो, की मी ह्याचा नाव मोठ्यान घेतलंय म्हणान समज. मगे माका बोल लावू नको."

हर्षलाने सूर्याकडे पाहिले. तो बऱ्यापैकी खाली आला होता. मग तिने नवऱ्याकडे पाहिले. तो तिच्याकडेच पाहत होता आणि दमलेला असूनही हसण्याचा प्रयत्न करत होता. सकाळी निघतानाही तो असाच हसला होता. फळीला मेण चोळून झाल्यावर त्याने आईला हाक मारली होती आणि म्हणाला होता, एक झकास लाट घेऊन येतो. आणि सासूने, घरातले कोणी पाण्यात उतरताना ती नेहमी देते तशी, नारळाची वडी त्याच्या हातावर ठेवली होती. दर्याला द्यायची म्हणून.

हर्षला जागीच थबकली.

तिच्या माहेरी सणावारांच्या आधी घरोघरचे भाऊ शिदोरी बांधून बाहेर पडत. सासरी असलेल्या बहिणीला आणायला जो जाई तो मुऱ्हाळी. हर्षलाच्या आईला न्यायला मामा दरवर्षी एसटीने येई, मांडीवर करंज्यांचा डबा धरून. कुरवेळच्या मुली खाडीपल्याड किंवा वरच्या वाडीत दिलेल्या. त्या कंटाळा आला की आपल्या पायांनी माहेरी येतात, दुपारी जेवतात आणि परत जातात. त्यांना आणायला जाण्याची वेळ कोणावर आलेली नव्हती. त्यामुळे ही गोष्ट गावात कोणाला सुचण्यासारखी नव्हती.

"तात्या," ती म्हणाली, "हे तिचे नवरे नव्हेत. मुऱ्हाळी आहेत."

"कोण?"

"मुऱ्हाळी. माहेरवाशिणीला आणायला गेलेला भाऊ. सकाळी हे काय बोलून गेले? घेऊन येतो म्हणाले. जाताना हातात खाऊ होता. आये, वडी दिली होती ना तुम्ही?"

"दिलंय तर. गुळाची."

"अहो!" हर्षला समुद्राकडे वळून ओरडली. "वडी कुणाला दिली?"

"हिकाच! नाकाडार टाकली, तशी हिणा गिळल्यान, मगे वर घेतल्यान माका!"

तातू गावकर पुन्हा खडकावर बसले. प्रश्न गंभीर झाला होता.

"खाऊ दिलो म्हणान भाव होता काय कोण?"

"घ्यायचा की नाही ते तिच्या हातात होतं. भावाकडचा म्हणून घेतला, त्याला पाठीवर घेतलं आणि घराकडे निघाली. सांगा, नवऱ्याला घेऊन कुणी असं पळत सुटतं का? एवढ्या ओढीनं बाई माहेरीच येते."

बायकांमध्ये हुंकार उठला. हा मुद्दा त्यांना बिनतोड वाटला.

"बरा," तातू म्हणाले. "मगे केतकीन दार अडवल्यान त्याचा काय?"

"केतकीनं अडवायची ती वहिनी. ही तिची बहीण झाली. बहिणीनं बहिणीचं दार अडवायची रीत आहे का तुमच्याकडे?"

"नाय," तातूंनी कबूल केले. "तशी रीत खंयच नाय." ते बराच वेळ आपल्या गुडघ्यावर बोटे वाजवत बसले. सूर्य पाण्याला टेकत आला. "म्हणजे अडवणूकच खोटी पडली. मगे ही भायर कशाक रवली?"

"कारण भावजय आत बोलवायला गेली नाही," हर्षला म्हणाली. "ते माझंच चुकलं."

एवढे बोलून ती घराकडे धावली. चुलीपाशी दुपारची तांदळाची भाकरी झाकलेली होती. तिचा तुकडा आणि विहिरीच्या पाण्याचा तांब्या घेऊन ती परत आली, साडी गुडघ्यांवर खोचली आणि पाण्यात शिरली. लाट जवळून फार मोठी दिसत होती. तिच्या अंगाचा गार वारा येत होता. हर्षलाने भाकरतुकडा तिच्या शेंड्यापासून बुडापर्यंत ओवाळला. खालचा भाग नेमका कुठे संपतो याचा अंदाज येईना, म्हणून तिने तो उंबऱ्याच्या खडकापर्यंत नेला. मग तुकडा एका बाजूला दूर फेकला आणि तांब्यातले गोडे पाणी लाटेच्या पायांवर ओतले.

"या, नणंदबाई," ती म्हणाली. "किती वेळ बाहेर उभ्या! भावजय नवीन आहे, सांभाळून घ्या."

लाटेने एक दीर्घ श्वास सोडला आणि ती फुटली.

ती उंबऱ्यावरून फुटली, कडेकडेने, एका अंगाने, अगदी शिस्तीत, आणि जयवंत तिच्या हिरव्या भिंतीवरून हात पसरून धावत सुटला. तो माडांपर्यंत आला, वाळूवर उतरला, दोन पावले चालला आणि पाय दुमडून बसला. सासूने त्याचे डोके पोटाशी धरले.

"जयवंता," ती म्हणाली. "जयवंता, जयवंता, जयवंता." दिवसभराचे साठलेले तिने सगळे म्हणून घेतले.

"आये, जेवाक वाढ," तो म्हणाला.

मागच्या लाटा आपापल्या क्रमाने आत येऊ लागल्या. त्यांच्या पाठोपाठ होड्या आल्या. एका होडीतून तातूंच्या मुलाने हात हलवला. तातूंनी पाहून न पाहिल्यासारखे केले, उपरण्याने डोळे पुसले आणि केतकीला म्हणाले, "तुझ्या लग्नात तुझा दार मी अडवतलंय. दोन दिवस भायर ठेवतलंय."

"ठेवा," केतकी म्हणाली. "न्हवऱ्याक सांगान ठेवतंय, तातूंका दारू पाज."

नणंदबाई कुबलांच्या पडवीत उतरल्या. चार दिवस राहिल्या. अंगण सारवलेले टिकेना आणि सासूचे पापड वाळेनात, पण माहेरवाशिणीपुढे कोणी ते बोलून दाखवले नाही. त्यांना उन्हे वर येईपर्यंत झोपायची सवय होती. हर्षलाच्या हातची सोलकढी त्यांना आवडली. माशाच्या आमटीत मीठ कमी, असे मात्र त्या रोज म्हणत. पहिल्या दिवशी हर्षलाला राग आला. तिसऱ्या दिवशी ती केतकीला डोळा मारून हसली.

निघायच्या दिवशी हर्षलाने त्यांची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, वर एक नारळाची वडी. गावातल्या बायका जमल्या होत्या. माहेराहून निघालेल्या बाईला नाव घ्यायला लावायचे असतेच, आणि कोणीतरी सवयीने म्हणून गेले, "घ्या बघू नाव."

हर्षलाने हातातली कुंकवाची कोयरी झटकन खाली ठेवली. जयवंत तेव्हा नेमका फळी आणायला परसात गेला होता. लाटेने इकडेतिकडे पाहिले, तो नाही याची खात्री करून घेतली आणि लाजत लाजत सुरुवात केली.

"काळ्या काळ्या खडकावर फेसाची रांगोळी…"

त्यानंतर नाव आले. ते जयवंतचे नव्हते. ते फार लांबलचक नाव होते, दक्षिणेकडचे असावे; मध्ये कुठेतरी खोल उतरत होते आणि शेवटी पुन्हा वर येत होते. बायका ते ऐकत राहिल्या. कोणाला ते पुन्हा म्हणून दाखवता आले नसते.

"…रावांचं नाव घेते निघायच्या वेळी."

हर्षलाने कोयरी पुन्हा उचलली. तिने नणंदेच्या कपाळाला कुंकू लावले. ते टिकले नाही, म्हणून पुन्हा लावले.

"घोव असताना त्या दिवशी बोलली नाय ती?" केतकीने विचारले.

"भावासमोर कसा घेतला असता?" सासू म्हणाली. "चांगल्या घरची आसा."

जयवंत फळी घेऊन आला आणि बहिणीला नाकाडापर्यंत पोचवून परत आला. पुढच्या वेळी दिवाळीनंतर मुऱ्हाळी पाठवा, असा तिचा निरोप होता. हर्षलाने तो ऐकला, पडवी कोरड्या फडक्याने पुसून घेतली आणि दिवाळीच्या सामानात गूळ जास्त आणायला सांगितला.