राजधानीला शिदोरी

“बाबा, तुम्ही पेपर वाचता तो लोकांना जागं करायला का झोपवायला?”

भरल्या ओट्यावर, अख्ख्या बाजारासमोर वच्छलाने हे विचारलं! विचारायची पैज तिच्या मैत्रिणींनी, अलका आणि वंदनाने, लावली होती. त्या दोघी आता समोरच्या खांबाआड एकमेकींना चिमटे काढत होत्या, कारण वच्छला खरंच विचारेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

ओटा चिडीचूप झाला. म्हणजे जे जागे होते ते चिडीचूप झाले. बाकीचे घोरत होते.

गजाननरावांचं कापडाचं दुकान पांढुर्ण्याच्या भर बाजारात. नागपूरचा पेपर संध्याकाळच्या गाडीने यायचा. गजाननराव दुकानाच्या ओट्यावर कंदील टांगायचे, चष्मा पुसायचे आणि पहिल्या पानाच्या तारखेपासून शेवटच्या पानावरच्या मुद्रकाच्या नावापर्यंत सगळं मोठ्याने वाचायचे. अक्षर इकडचं तिकडे नाही! “गजाननरावानं वाचलं म्हणजे छापल्यापेक्षाही पक्कं,” असं पार मोहगावपर्यंत लोक म्हणायचे. कापूस कधी विकायचा ते भैय्याजींसारखे मोठे शेतकरी याच ओट्यावर बसून ठरवत. पण आवाज कसा, तर श्राद्धाच्या जेवणानंतर भटजी हळूहळू गुणगुणतो तसा. राज्यपुनर्रचनेचा अहवाल त्यांनी वाचला तेव्हा तर गाडीला जुंपलेले बैलही रवंथ अर्धा सोडून झोपले होते!

सगळ्यांत आधी हसले ते भैय्याजी. मोठे बागाईतदार, मिशा अशा की संत्र्याच्या दोन फोडी दोन्हीकडे अडकवाव्यात. “गजाननराव, पोट्टी खरं बोलून राहिली ना!”

गजाननरावांनी रागाने तोंड उघडलं, पण आतून आवाजाऐवजी मांजराचं ‘खर्रर्र’ निघालं. आठवडाभर त्यांचा घसा धरलेला होता, तो नेमका आता बसला. त्यांनी पेपर लेकीच्या हातात दिला आणि कसंबसं पुटपुटले, “मग तूच वाच. अक्षर मात्र इकडचं तिकडे नको.”

घरात जयवंताबाईंनी लाटणं आपटलं. “पुरुषमाणसांच्या ओट्यावर पोरगी? लोक काय म्हणतील!”

“आई, लोक काही म्हणतच नाहीत ना, तीच तर अडचण आहे. झोपलेत सगळे!” वच्छला म्हणाली. “तू पाहा, चार दिवसांत मी सारं पांढुर्णं राजकारणात पक्कं करते!”

आणि केलंच की तिने! बातमी आधी सरळ वाचायची आणि मग जरा फोडणी घालायची. “सीमा कुठून न्यायची ते ठरवायला दिल्लीनं मोठ्ठं कमिशन बसवलं होतं म्हणे. एवढा खर्च कशाला? आपल्याला विचारायचं! दोन गावांमध्ये नदी असली की काय करायचं ते आपण दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांवरून एकमेकांना गोटे मारून ठरवतोच ना!”

ओटा असा हसला की पत्र्यावरची कबुतरं उडाली. दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट. तिसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी बायका उभ्या राहायला लागल्या. त्यांच्यात सगळ्यांत पुढे शेजारच्या पंचफुलाबाई. घरून पाट घेऊनच येत. जयवंताबाई दाराआडून ऐकत आणि हसू आलं की खोकत.

गजाननराव मात्र गळ्याला मफलर गुंडाळून कोपऱ्यात बसत. हसत नसत आणि रागावतही नसत. अक्षरं मोजत असावेत.

छप्पन सालच्या ऑक्टोबरचा शेवट आला. एक तारखेपासून नवं राज्य! नागपूरची राजधानी मोडली. नागपूर मुंबई राज्यात चाललं आणि पांढुर्णा, सौसर राहिलं मध्यप्रदेशात. राजधानी आता भोपाळ. लोकांचे चेहरे पडलेले. ज्यांची लेक नागपुरात, डॉक्टर नागपुरात, कोर्टाची तारीख नागपुरात, ते भोपाळ कोणत्या दिशेला ते एकमेकांना विचारत होते.

“अशी तोंडं पाडून कसं चालेल?” वच्छला म्हणाली. तिने पेपर दोन्ही हातांनी नाकासमोर धरला आणि आवाज अगदी सरकारी केला. “पांढुर्णा आणि सौसर इथल्या सर्व रहिवाशांस कळविण्यात येते की, नागपूर हे आपले माहेर असून एक तारखेपासून आपण भोपाळ या सासरी नांदावयास जात आहोत. सासरी रिकाम्या हाताने जाण्याची रीत नसल्याने प्रत्येक घराने एक टोपली संत्र्यांची शिदोरी उद्याच्या गाडीने रवाना करावी. सासूबाईंचा मान ठेवावा. हुकुमावरून!”

काय हसले लोक! भैय्याजींनी मांडीवर थाप मारली ती शेजाऱ्याच्या मांडीवर पडली. पंचफुलाबाईंनी डोळे पुसले. वच्छला त्या रात्री विजयी सेनापतीसारखी झोपली.

सकाळी अलका धापा टाकत आली. “वच्छे! स्टेशनवर चल! लवकर!”

“काय झालं?”

“सासर आलं वं तुझं!”

वच्छला स्टेशनवर पोचली आणि तिचे पाय जागच्या जागी रुतले. फलाटावर संत्रीच संत्री! टोपल्या, दुरड्या, पाट्या, एकाने तर पाळण्यात घालून आणलेली. सगळ्यांत पुढे भैय्याजींची दुरडी. वरची संत्री तेलाचा हात लावून चकचकीत केलेली आणि भोवती झेंडूची माळ. बायका नऊवारी नेसून, नथी घालून आलेल्या. पंचफुलाबाईंच्या हातात खण, नारळ, हळदकुंकू.

“काकू, हे कशाला?” वच्छलाचा आवाज बारीक झाला.

“वा! शिदोरी का नुसती जाते? ओटी नको भराले?”

“कोणाची ओटी?”

“भोपाळची!” पंचफुलाबाई म्हणाल्या. “आता भोपाळ बाई हाय का बुवा, ते मले नाई माहीत. पण मान तो मान!”

स्टेशनमास्तर टोपी काढून डोकं खाजवत होते. “अहो, पण पत्ता काय लिहू? ‘सासूबाई, भोपाळ’?”

वच्छलाला वाटलं, खाली फलाट दुभंगावा आणि आपल्याला टोपलीसकट गिळावं. खरं सांगून टाकावं, असं ती मनाशी म्हणेपर्यंत इटारसीकडून येणारी गाडी धडधडत फलाटाला लागलीसुद्धा!

पहिल्या वर्गाच्या डब्यातून एक साहेब उतरले. सौसरला बदली होऊन भोपाळकडून आलेले. गर्दी, टोपल्या, झेंडूची माळ, नटलेल्या बायका पाहून त्यांचे डोळे भरूनच आले.

“मेरे लिए? इतना सब? अरे भई, मुझे तो कहा गया था कि यहाँ के लोग नाराज़ हैं!”

“भोपाळहून आले!” कोणीतरी ओरडलं. झालं! भैय्याजींनी दुरडी उचलली ती साहेबांच्या हातात. माळ गळ्यात. साहेब संत्र्यांच्या ओझ्याने कमरेत वाकले, ते पाहून लोकांना वाटलं, नमस्कार करून राहिले, म्हणून सगळा फलाट उलटा वाकला! पंचफुलाबाई कुंकवाचा करंडा घेऊन साहेबांभोवती एक फेरी मारून आल्या.

“साहेब, सासूबाई नाई आल्या का संगं?”

“कौन सासूबाई?”

“आता हे पाहा! पेपरात आलं, सरकारनं मागवलं, अन् साहेबालेच ठाऊक नाई!”

साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं, ताटातलं वरण थंड होतं तसं. “सरकार ने मँगवाया? फलों की टोकरियाँ? सरकार के नाम पर? किसने कहा?”

“पेपरात होतं,” भैय्याजी छाती काढून म्हणाले. “गजाननरावाच्या ओट्यावर वाचलं. तिथं खोटं वाचत नाहीत.”

“कौन हैं गजाननराव?”

गर्दी बाजूला झाली. मागे गजाननराव उभे होते. गळ्याला मफलर. ते कधी आले ते वच्छलाला कळलंच नव्हतं. त्यांनी बोलायचा प्रयत्न केला, खर्रर्र झालं. मग त्यांनी गुपचूप हात वर केला. शाळेत गृहपाठ न आणलेला पोरगा करतो तसा.

सारा जन्म ज्या माणसाने एक वेलांटी चुकीची वाचली नव्हती, त्याचा तो हात! दुसऱ्याच क्षणी वच्छला जवळच्या एका टोपलीवर चढली.

“बाबांनी नाही! मी वाचलं! म्हणजे वाचलं नाही, बनवलं! पेपरात शिदोरीबिदोरी काहीच नव्हतं. मी गंमत केली होती!” आणि साहेबांकडे वळून, तिच्या शाळेतल्या हिंदीत, “साहब, वो मज़ाक था! पिताजी का गला बैठा है, मेरा नहीं बैठा!”

फलाटावरची सगळी डोकी टोपलीकडे वळली.

“गंमत?” भैय्याजींच्या मिशा खाली आल्या. “अन् आमी पहाटपासून संत्री पुसून राहिलो!”

“भैय्याजी, तुम्ही तर सगळ्यांत जास्त हसला होता!”

“हाव, हसलो ना! पण पेपर तुह्या हातात होता, पोरी! मले वाटलं, नवं सरकार हसत हसत सांगून राहिलं. जुनं तं कधी हसलंच नाई!”

पहिल्यांदा फिस्सकन आवाज आला तो पंचफुलाबाईंचा. पाठोपाठ स्टेशनमास्तर. मग टोपल्यांच्या रांगेतून हसू असं पसरत गेलं की डब्यातले उतारूही काही न समजता हसायला लागले. साहेबांनी कोणीतरी भाषांतर करून सांगेपर्यंत दम धरला, ऐकलं, माळ सावरली आणि दुरडीतलं एक संत्रं सोललं.

“मीठा है,” ते म्हणाले. “सास खुश है!”

मग काय! संत्री खिडक्याखिडक्यांतून गाडीत गेली. गार्डाने शिट्टी मारायची विसरून तीन संत्री खाल्ली. भैय्याजी गुरगुरतच साऱ्या डब्यांत स्वतःच्या हाताने वाटत फिरले आणि “हे मोहगावच्या रस्त्यावरच्या बगीच्यातलं हाय,” हे प्रत्येकाला बजावत राहिले. पण जाता जाता गजाननरावांजवळ थांबले. “गजाननराव, आता आमी ओट्यावर बसून इश्वास ठेवावा का हसावं, ते सांगून देजा बाप्पा. दोन्ही एकदम नाई जमत.”

गजाननरावांनी मान खाली घातली. ते वच्छलाला त्या टोपलीवरून पडली असती त्यापेक्षा जास्त लागलं.

घरी जयवंताबाई वाटच पाहत होत्या. “झाली हौस? आता पेपर बंद! बाबांचा घसा सुटेल तेव्हा सुटेल.”

गजाननरावांनी गरम पाण्याची गुळणी थुंकली. बारीक चिरका आवाज निघाला, पण निघाला. “आज मीच वाचतो.”

“नाही, बाबा,” वच्छला म्हणाली. ती दोघांच्या मधोमध उभी राहिली, कमरेवर हात ठेवून, गाल अजून लाल. “मी ठरवलंय. पेपर मीच वाचणार. हातात असेपर्यंत अक्षर इकडचं तिकडे नाही, तुमची शपथ! मग पेपर घडी करून तुमच्या मांडीवर ठेवीन, दोन्ही हात वर करून लोकांना रिकामे दाखवीन, आणि त्यानंतर जे बोलेन ते माझं. आणि आई, तू दाराआड खोकत बसू नकोस. उद्यापासून पंचफुलाकाकूंच्या पाटावर बसायचं. त्या म्हणाल्या, जागा आहे.”