निघाले आणि पोहोचले

माणसाच्या शरीराची खरी परीक्षा श्रमांत होत नाही, विश्रांतीत होते. श्रम कधी ना कधी संपतात; विश्रांतीला तशी अंगभूत मर्यादा नाही. हे सत्य ज्यांनी वेळीच ओळखलं अशा मोजक्या संस्थांमध्ये आमच्या 'खंडोत्तर क्षमता पुनर्बांधणी वर्गा'चा समावेश होतो. (दुसरी संस्था अद्याप आढळलेली नाही.)

वर्ग मैदानाच्या कडेला, पाण्याच्या टाकीखालच्या खोलीत भरतो. खोलीत एक खुर्ची, एक लांब बाक, हृदयाचं एक चित्र (डावा कप्पा ओलीने गेला आहे) आणि एक नोंदवही आहे. एकेकाळी पळणाऱ्या, पोहणाऱ्या किंवा सायकल मारणाऱ्या आणि मध्येच खंड पडलेल्या माणसांना पुन्हा उभं करणं हे वर्गाचं काम. नोंदवही मी सांभाळतो. पद मानद आहे, म्हणजे चहा मिळतो.

प्रशिक्षकांना सगळे शिट्टीसर म्हणतात. ते एकेकाळी दहा हजार मीटर पळत. पुढे दुसऱ्यांना पळवता यावं म्हणून त्यांनी स्वतः पळणं थांबवलं, त्याला आता अकरा वर्षं झाली. इतका मोठा त्याग केलेला माणूस खुर्चीतून उठत नाही याचं आम्हाला कधी नवल वाटलं नाही.

अभ्यासक्रम बारा आठवड्यांचा आहे. पहिल्या आठवड्यात एक मिनिट पळणे, चार मिनिटे चालणे, असे सहा वेळा. दुसऱ्या आठवड्यात दोन मिनिटे पळणे, तीन मिनिटे चालणे. तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंत प्रत्येक चौकटीत एकच सूचना छापलेली आहे: 'सरांना भेटावे.' अकरा वर्षांत ही सूचना पाळण्याची वेळ कुणावर आली नाही. सदस्य साधारणपणे दुसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी गळतो, काही महिन्यांनी एखाद्या सोमवारी परत येतो आणि आल्यावर अर्थातच पहिल्या आठवड्यापासून सुरुवात करतो. पाया महत्त्वाचा असतो.

परत येताना 'खंडाचे कारण' हा रकाना भरावा लागतो. आजवरची आकडेवारी अशी: घरचं कार्य ११२, गुडघा ९६ (उजवा ६१, डावा २९, नक्की आठवत नाही ६), बूट जुने झाले १७, बूट नवे होते १४, गजर वाजला नाही ४०, गजर वाजला ५२. हजेरीलाही आमच्याकडे दोन रकाने आहेत, 'निघाले' आणि 'पोहोचले'. पहाटे साडेपाचला सदस्य फोनवरून सर्वांना 'निघालो' असं कळवतात. कळवताना त्यांची निष्ठा शंभर टक्के असते आणि एक पाय जमिनीवर असतो. अशा माणसाला गैरहजर लावणं अन्यायाचं होईल, म्हणून नियम क्रमांक चार केला: ज्याने निघायचं मनात आणलं, तो 'निघाले'मध्ये धरावा. गेल्या वर्षी निघाले ४,११२ आणि पोहोचले ३८०. मधले ३,७३२ कुठे गेले याचा शोध घेण्यासाठी समिती नेमली आहे. समिती निघाली आहे.

वर्गातले सर्वांत ज्येष्ठ सदस्य म्हणजे सरांचे मेव्हणे. ते अकरा वर्षं पहिल्याच आठवड्यात आहेत आणि पहिला आठवडा इतका सखोल कुणीच केलेला नाही. त्यांचा हिशेब साधा आहे. एका आठवड्याचा खंड भरून काढायला दोन आठवडे लागतात असं सर सांगतात. म्हणजे अकरा वर्षांच्या खंडाला बावीस वर्षं. बावीस वर्षांनी त्यांचं वय एक्याऐंशी होईल आणि त्या वयात डॉक्टर इतकं पळू देणार नाहीत. तेव्हा आत्ताच न पळणं त्यांच्या हिताचं आहे. सरांचा दुसरा नियम असा की, बोलता येईल इतक्याच वेगाने पळावं. आमच्या सदस्यांनी यातला बोलण्याचा भाग पूर्ण आत्मसात केला आहे.

अशा या सुरळीत चाललेल्या संस्थेत एका सोमवारी वायरमनबाई आल्या.

विजेच्या कार्यालयात त्या खांबावर चढून तारा जोडतात. पदाचं नाव कागदोपत्री 'वायरमन' असल्याने लोक पुढे नुसतं बाई जोडतात. 'खंडाचे कारण' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'खांबावरून पडले.' मी सुचवलं की गुडघा लिहा, गुडघ्याचं पान तयार आहे. त्या म्हणाल्या, टाच मोडली होती, तर टाचेचं पान करा. नऊ महिने त्या घरी होत्या. नऊ आठवड्यांनी, बावीस तारखेला, कार्यालयात त्यांची चाचणी होती: तीन किलोमीटर वीस मिनिटांत, आणि लगेच अवजारांची पिशवी घेऊन नऊ मीटरच्या खांबावर चढणं. नाही जमलं, तर कायमची बदली तक्रार कक्षात, टेलिफोनवर.

बाईंच्या सासूबाईंना तक्रार कक्षच पसंत होता. त्यांचं म्हणणं असं की, खुर्ची आहे, डोक्यावर पंखा आहे, आणि पंखा बंद पडला तर तक्रार करायलासुद्धा उठावं लागणार नाही. आमच्या मेव्हण्यांनी हे ऐकून त्या माउलींना वर्गाचं मानद सदस्यत्व द्यावं असा ठराव मांडला.

पहिल्या आठवड्यात बाई सहाही दिवस आल्या. असं कधीकधी होतं, आम्ही दुर्लक्ष केलं. दुसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी मी त्यांच्या नावापुढे पेन्सिलीने बारीक 'खंड' लिहून ठेवलं, तर त्या समोर उभ्या. मला खोडरबर शोधावं लागलं. आणि तिसऱ्या सोमवारी पावणेसहाला त्या छापील तक्ता घेऊन खुर्चीसमोर आल्या.

"सर, यात लिहिलंय सरांना भेटावे. भेटले."

सरांनी तक्ता वाचला. उलटून मागची कोरी बाजूही वाचली.

"दुसरा आठवडा पुन्हा एकदा केलात तर पाया पक्का होईल, बाई."

"पाया पक्काच आहे, सर. डॉक्टरांनी तीन स्क्रू घातलेत. बावीस तारीख पुन्हा करता येत असेल, तर दुसरा आठवडा करते."

मेव्हण्यांनी मध्यस्थी केली. त्यांनी अनुभवाचे बोल म्हणून एक छोटासा खंड घ्यायला सुचवलं, म्हणजे पुढच्या महिन्यात ताज्या दमाने पहिला आठवडा सुरू करता येईल. बाई म्हणाल्या, "दादा, आमच्यात काही खंडित झालं की लोक शिव्या देतात. तुमच्यात चहा देतात."

मग सरांनी त्यांना विचारलं, तक्रार कक्षात एवढं वाईट काय आहे. बाई बाकाच्या टोकावर बसल्या. तिथे दिवसभर एकच वाक्य बोलावं लागतं, त्यांनी सांगितलं: नमस्कार, आपली तक्रार नोंदवली आहे, माणूस निघालाय. "आणि सर, बारा वर्षं तो माणूस मीच होते. वाक्य कुणीतरी बोलायचं आणि मी पोहोचायचं. आता मीच ते बोलत बसू, आणि खांबावर कुणी नसेल?"

सरांनी शिट्टी काढून पुसली आणि दुसऱ्या दिवशी या म्हणाले. बाकावर बसलेल्या सर्वांच्या मते हे योग्य उत्तर होतं.

दुसऱ्या दिवशी मी खोली उघडायला गेलो तेव्हा कुणीतरी मैदानावर पळत होतं. चोर समजून मी आत थांबलो. ते सर होते. जो व्यायाम बाईंना द्यायचा, तो आधी स्वतः करून पाहावा असं त्यांनी ठरवलं होतं; पण प्रशिक्षक पळताना दिसले तर वर्गाच्या प्रतिमेला धक्का बसेल, म्हणून नोंदवहीत ते कसं लिहायचं हा प्रश्न आला. आम्ही 'मैदानाची पाहणी' असा नवा रकाना उघडला. त्यातल्या काही नोंदी:

मंगळवार. सरांनी मैदानाची पाहणी केली. वेळ अकरा मिनिटे. नंतर बाकावर आडवे (कागदपत्रे वाचत).

शुक्रवार. पाहणी, चौदा मिनिटे. मैदान नेहमीपेक्षा लांब असल्याचं आढळलं.

पुढचा बुधवार. पाहणी, बावीस मिनिटे. शिट्टी खिशात सापडत नव्हती, गळ्यात होती.

सर करत ते तासाभराने बाई करत. बोलत पळायचं, तर सोबत बोलायला कुणी नव्हतं (बाकीचे सदस्य बसून बोलत होते, त्यामुळे वेग जुळत नव्हता). म्हणून सरांनी सांगितलं की, दर फेरीला खोलीसमोरून जाताना तक्रार कक्षाचं वाक्य मोठ्याने म्हणायचं. सबंध म्हणता आलं तर वेग बरोबर, तुटलं तर कमी करा. तिसऱ्या आठवड्यात वाक्य 'आपली तक्रार' इथे तुटायचं. चौथ्यात 'नोंदवली'पर्यंत गेलं. पाचव्यात सकाळी साडेसहाला मैदानाभोवतीच्या तीन इमारतींना कळलं की माणूस निघालाय, आणि दोन घरांतून कुठे म्हणून विचारणा झाली.

सहाव्या आठवड्यात टाच सुजली. सरांनी तीन दिवस सुट्टी सांगितली. वर्गात समाधान पसरलं. शेवटी बाई आपल्यातल्याच निघाल्या. मेव्हणे बाकावर सरकून बसले, जागा झाली. मी रकाना उघडून बसलो. चौथ्या दिवशी बाई आल्या, आणि सवयीने स्वतःच म्हणाल्या की, आता पहिल्यापासून ना, सर?

"कशाला? पाय तीन दिवसांत पळणं विसरत नाही. आज निम्मं पळा, उद्या पाऊण, परवा बघू." मग बाकाकडे न बघता म्हणाले, "पहिल्यापासून सुरू करायला फार सोपं असतं, बाई. मी अकरा वर्षं शिकवतोय."

हे वाक्य मी नोंदवहीत घेतलं नाही. संस्थेचा सैद्धांतिक पाया त्यावर उभा राहिला नसता.

बावीस तारखेला सर आणि मी विजेच्या कार्यालयात गेलो. मेव्हण्यांनीही 'निघालो' असं कळवलं होतं. आवारात एक साहेब घड्याळ घेऊन बसले होते आणि सासूबाई सावलीत बाजाराची पिशवी धरून. कार्यालयाच्या इमारतीभोवती दहा फेऱ्या म्हणजे तीन किलोमीटर. बाई एकोणीस मिनिटं चाळीस सेकंदांत आल्या. दम खाऊन पट्टा बांधला, पिशवी अडकवली, चढल्या. अर्ध्यावर, जमिनीपासून साधारण पाच मीटरवर, थांबल्या.

तिथूनच त्या पडल्या होत्या, हे सासूबाईंनी हातातली पिशवी छातीशी आवळली तेव्हा मला कळलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. बाईंची उजवी टाच थरथरत होती. सरांच्या गळ्यात शिट्टी होती, ती त्यांनी वाजवली नाही. खांबाजवळ गेले आणि घरात बोलावं तसं हळू म्हणाले, "बाई, वाक्य."

मग वरून आवाज आला, "नमस्कार. आपली तक्रार नोंदवली आहे. माणूस निघालाय."

सबंध आलं. कुठे तुटलं नाही. टाच थांबली. बाई चढत गेल्या आणि टोकाला पोहोचून खाली वाकून म्हणाल्या, "पोहोचला."

साहेबांनी कोण पोहोचला म्हणून विचारलं. मी नोंदवही उघडली आणि दुसऱ्या रकान्यात लिहिलं. सासूबाई पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, "आता उतर म्हणावं. घरचा दिवा चार दिवस गेलाय."

वार्षिक अहवालात या प्रकरणाचा उल्लेख करावा लागला. वर्गाचं यश परत येणाऱ्यांवर मोजलं जातं. ज्यांना खंड पडतो ते परत येतात, आणि हे प्रमाण सत्त्याण्णव टक्के आहे. बाई परत आल्या नाहीत. त्यामुळे त्यांच्या नावापुढे नियमाप्रमाणे 'वर्ग अर्धवट सोडला' अशी नोंद आहे. असं पुन्हा घडू नये म्हणून तिसऱ्या आठवड्याच्या चौकटीतली सूचना बदलून 'सर बाहेर गेले आहेत' अशी केली. ही सूचना खोटी नाही. सर रोज बाहेरच असतात, मैदानावर. अहवालानंतरच्या सोमवारी त्यांनी माझ्याकडून पेन्सिल घेतली, सदस्यांच्या यादीत स्वतःचं नाव लिहिलं आणि 'खंडाचे कारण' या रकान्यात लिहिलं, 'वर्ग चालवणे.'

गेल्या आठवड्यात पहाटे खोलीतली वीज गेली. मेव्हण्यांनी तक्रार कक्षाला फोन लावला. ते हसत सांगू लागले की, माणूस निघालाय म्हणतात. या शब्दाचा आमच्याइतका अनुभव कुणाला असणार? आम्ही चहा ओतला आणि बाकावर सैल होऊन बसलो. अकराव्या मिनिटाला बाहेरच्या खांबावर बाई होत्या. दिवा अचानक लागला तेव्हा सगळे पसरून बसलेले स्पष्ट दिसलो, याचं मेव्हण्यांना अजून वाईट वाटतं.

वाचकांनी मात्र आम्हाला हसू नये. वाचताना साधारण बाईंची टाच सुजली त्या सुमारास आपणही मनात म्हणालात की, आपलंही पूर्वी बरं चाललं होतं, एखाद्या सोमवारपासून पुन्हा सुरू करायला हरकत नाही. नियम क्रमांक चारनुसार त्याची नोंद झाली आहे. आपलं नाव 'निघाले'मध्ये आहे. शेजारचा रकाना रिकामा ठेवला आहे. घाई नाही. मेव्हण्यांनी बाकावर आपल्यासाठी रुमाल टाकून ठेवलाय.