तुळाजी साळिंदराची नवीकोरी गिटार

एका जंगलात तुळाजी नावाचा एक साळिंदर राहत होता. मागच्या ओळीतल्या मुलांनी हसायचं नाही. साळिंदराचं नाव तुळाजी असू शकतं. तुमची नावं ऐकून साळिंदरं हसतात का?

तर या तुळाजीच्या अंगात एक कला होती. त्याच्या शेपटीचे काटे पोकळ होते. शेपटी हलवली की खुळखुळ, खुळखुळ असा ठेका निघायचा, आणि ठेका म्हणजे ज्याचं नाव ते! रुसलेलं पोर हसायचं. भांडणारी माकडं भांडण विसरून नाचायची. जंगलात कुणाचं बारसं असो की लग्न, तुळाजीला बोलावणं ठरलेलं.

एक दिवस घुबडाने त्याला अडवलं. घुबड म्हणजे जंगलातला मोठा संगीतसमीक्षक. त्याने जन्मात एक सूर लावला नव्हता, त्यामुळे त्याचं मत निःपक्षपाती मानलं जाई.

"तुळाजी, हे खुळखुळणं आणखी किती दिवस? शेपटी काय, सगळ्यांनाच असते. इलेक्ट्रिक गिटार घे. मग तुला कलावंत म्हणता येईल."

ते तुळाजीच्या मनाला लागलं. आता तुमच्यातला एखादा दीडशहाणा विचारेल, जंगलात वीज कुठली? होती. महाराज सिंहांच्या गुहेत चोवीस तास, आणि बाकीच्यांकडे निवडणुकीच्या आधी आठ दिवस. महाराजांना निवडणूक कशाला, ते विचारू नका. बसा खाली.

महाराजांच्या वाढदिवसाला दरवर्षी वाद्यवादनाची स्पर्धा व्हायची. तुळाजीने चौकात जाहीर करून टाकलं, "येत्या वाढदिवसाला मी गिटार वाजवणार. सगळं जंगल डोलायला लावलं नाही तर तुळाजी नाव लावणार नाही. आणि तोपर्यंत ही गावंढळ शेपटी हलवणार नाही!"

वाढदिवसाला पुरतं वर्ष होतं. एवढ्या वेळात तर तुम्हीसुद्धा काही शिकला असता.

डोंगरापलीकडे अस्वलाचं वाद्यांचं दुकान होतं. तिथून तुळाजीने जांभळ्या रंगाची, आरशासारखी चकचकीत गिटार मागवली. दुकानाचा नियम मोठा उदार. माल दारात उघडा, तपासा, पसंत पडला नाही तर आणणाऱ्याच्याच हाती परत द्या. कितीही वेळा.

माल आणणारा होता सोनबा कासव. वाट वीस दिवसांची. रोज सकाळी पोपट बिळावर येऊन ओरडायचा, "तुमचं पार्सल करवंदीच्या जाळीपाशी पोचलं आहे!" दुसऱ्या दिवशी ओरडायचा, "तुमचं पार्सल अजून करवंदीच्या जाळीपाशीच आहे!" तुळाजीला तेवढ्यानेही उकळ्या फुटायच्या. त्याने बिळाचा एक कोपरा झाडून घेतला, मऊ गवत अंथरलं, पोरीला तिथे फिरकायची बंदी केली. घुबडाकडून गिटार तपासायची पद्धत शिकून आला. मान सरळ आहे का ते एक डोळा मिटून बघायचं. खुंट्या हलतात का, पट्ट्या बोचतात का, पॉलिशमध्ये आपलं तोंड दिसतं का. एकूण एक्केचाळीस गोष्टी. त्या तो झोपेतही पुटपुटायचा. गिटार वाजवायची कशी, हे शिकायचं राहून गेलं. घुबडालाही ते येत नव्हतं.

"अहो," त्याची बायको सगुणा म्हणाली, "पोरगी केव्हाची रडतेय. जरा शेपटी वाजवा ना."

"सगुणे, ते दिवस गेले. आता गिटार येतेय."

पोरगी रडून रडून झोपली.

विसाव्या दिवशी सोनबा आला. पाठीवर लांबलचक खोकं, तोंडाला फेस. सगळं जंगल जमलं. तुळाजीने आधी खोक्याचा वास घेतला. मग एकेक टेप नखाने असा सोडवला की जणू आत कुणी निजलंय. गिटार बाहेर आली आणि माकडांच्या तोंडून "आईशप्पथ!" निघून गेलं.

तुळाजीला राहवेना. त्याने पट्टा गळ्यात अडकवला, गिटार पाठीवर टाकली, आणि डबक्यात वाकून आपलं रूप पाहिलं. काय रुबाब! आनंदाने त्याच्या अंगावर काटा आला. साळिंदराच्या अंगावर काटा येतो म्हणजे काय होतं, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. तुळाजीच्या आलं नाही.

मग तपासणी. मान सरळ. खुंट्या घट्ट. पुढून तोंड लख्ख दिसतंय. त्याने गिटार उलटी केली आणि किंचाळला.

"चरे! पाठीमागे चरे! एक, दोन, चार... अरे, फसवलं मला!"

"मालक," सोनबा धापा टाकत म्हणाला, "चरे पाठीमागे आहेत. तारा पुढे आहेत. वाजवून तर बघा."

"वाजवून? वाजवलेला माल परत घेतात का कुणी? उचल ती!"

सगुणा जवळ आली. तिने नवऱ्याच्या पाठीकडे निरखून पाहिलं. "अहो, तुमच्या काट्यांना जांभळा रंग लागलाय."

"बघ!" तुळाजी गरजला. "बघा सगळ्यांनी! रंगसुद्धा कच्चा!"

सगुणाने कपाळावर हात मारला आणि आत गेली. तुम्ही मारू नका, गोष्ट बरीच बाकी आहे.

गिटार परत गेली. वीस दिवस जायला, वीस दिवस यायला. पोपट रोज ओरडायचा, तुळाजी रोज गवत बदलायचा. दुसरी गिटार आली. पट्टा, पाठ, डबकं, काटा. चरे! तिसरी आली. पुन्हा चरे! खरं सांगायचं तर दुसरी-तिसरी असं काही नव्हतंच. अस्वल तीच गिटार पॉलिश मारून धाडत होतं. ते काही आमच्या-तुमच्यापेक्षा कमी नव्हतं.

प्रत्येक वेळी गिटार परत गेली की तुळाजी चौकात दगडावर उभा राहून भाषण करायचा. माल कसा पारखावा, गिऱ्हाईकाने कसं जागं असावं. लोकांना ते फार आवडायला लागलं. शेपटी वाजवायचा तेव्हा त्याला सगळे 'ए तुळ्या' म्हणायचे. आता 'तुळाजीराव' म्हणायला लागले. हरणाने नवा ढोल आणला तो आधी तुळाजीरावांकडे तपासायला नेला. तुळाजीरावांनी तो पाठीवर घेऊन पाहिला. ढोल फाटका निघाला.

"वाचलो बुवा!" हरीण म्हणालं. "नाहीतर घरी नेऊन वाजवला असता."

असं वर्ष सरत आलं. सातव्यांदा गिटार परत गेली तेव्हा तिच्यावर पॉलिश धरेना. अस्वल वैतागून सोनबाला म्हणालं, "ही तूच घेऊन जा बाबा. मला तिचं तोंड दाखवू नकोस."

आणि मुलांनो, इथे एक गोष्ट सांगायची राहिली. सात वेळा जायचं, सात वेळा यायचं. सोनबा वाटेत दमायचा, दमला की बसायचा. बसला की परतीच्या वाटेवर खोक्यातून गिटार काढून तारा छेडायचा. कुणी शिकवायला नव्हतं आणि कुणी तपासायलाही नव्हतं. त्यामुळे त्याला वाजवता यायला लागलं.

वाढदिवस उजाडला. तुळाजीकडे गिटार नव्हती. सकाळी तो कोपऱ्यातल्या गवतावर बसून खूप वेळ आपल्या शेपटीकडे बघत राहिला. जंगल डोलायला लावायचं होतं त्याला. तेवढंच हवं होतं, आणि वर्ष गेलं. शेपटी हलवणार एवढ्यात महाराजांचा कोल्हा निरोप घेऊन आला, "तुळाजीराव, आपल्याला मुख्य परीक्षक नेमलंय. खुर्ची तयार आहे."

तुळाजी ताडकन उठला.

गुहेसमोर मांडव घातला होता. महाराजांच्या शेजारी परीक्षकांची खुर्ची, तिच्यात तुळाजी. मग सोनबा व्यासपीठावर चढला. चढायला जरा वेळ लागला. गुहेतून वायर आणून अँप्लिफायरला जोडली होती. सोनबाने तार छेडली.

काय सांगू तुम्हाला! माकडं गप्प झाली. हत्ती एका पायावर थबकला. मग रानगवे डोलायला लागले, हरणं डोलायला लागली, सगळं जंगल डोलायला लागलं. आणि एकदम कुठूनतरी ठेका ऐकू आला. खुळखुळ, खुळखुळ. गिटारीच्या बरोबर, नेमक्या तालात. सगळ्यांनी माना वळवल्या. तुळाजीची शेपटी आपोआप वाजत होती.

सोनबाने वर पाहिलं आणि मनापासून हसला. "घ्या मालक, ठेका घ्या!"

"अहो, वाजवा!" सगुणा गर्दीतून ओरडली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पोरगी तर तिच्या खांद्यावर नाचायलाच लागली.

क्षणभर तुळाजीही हसला. मग त्याची नजर घुबडाकडे गेली. घुबड त्याच्याकडे डोळे वटारून बघत होतं. मुख्य परीक्षक, आणि शेपटी हलवतात? तुळाजी शेपटीवर बसला. चांगला दाबून बसला. कडकड असा बारीक आवाज झाला, पण टाळ्यांत तो कुणाला ऐकू गेला नाही.

वादन संपल्यावर त्याने गिटार तपासायला मागवली. उलटी केली. नाकाशी धरून पाहिली.

"चरे," तो म्हणाला. "हे चरे मी चांगले ओळखतो. असल्या सदोष मालावर वाजवणाऱ्याला बक्षीस दिलं, तर उद्या कलेचा दर्जा काय राहील?"

महाराजांना कलेतलं काही कळत नव्हतं, पण दर्जा हा शब्द त्यांना आवडायचा. त्यांनी मान डोलावली.

पहिलं बक्षीस तरसाला मिळालं. त्याने गिटार मागवली होती आणि खोकं फोडलंच नव्हतं. एक चरा नाही! टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात टाळ्या हरणाने वाजवल्या. सोनबा गिटार पाठीवर घेऊन हळूहळू निघून गेला. त्याच्या पाठीला काटे नव्हते, त्यामुळे गिटारीला काही झालं नाही.

तुळाजी हार घालून घरी आला. पोरगी दारातच आडवी आली. "बाबा, मघाचं वाजवा ना. तसंच."

बिळात आता बघणारं कुणी नव्हतं. तुळाजीने इकडे तिकडे पाहिलं आणि शेपटी हलवली. काही वाजलं नाही. पुन्हा हलवली. पोरीने वाकून पाहिलं. शेपटीचे सगळे काटे बुडाशी मोडले होते.

"बाबा, हे खराब झालंय," ती म्हणाली. "परत पाठवा ना."

तात्पर्य : मुलांनो, कुठलंही वाद्य वाजवू नये. वाजवलं की ते आपलं होतं, आणि मग परत करता येत नाही. नुसतं तपासत राहावं, म्हणजे खुर्ची मिळते. आणि आपल्या अंगाला रंग लागलेला दिसला, तर रंग कच्चा आहे असं समजावं.