बत्तिसावी पायरी

सर्जेराव आबांचा उजवा गुडघा वाकत नसे. तरुणपणी बैलाने लाथ मारली, तेव्हापासून. असा मनुष्य रोज सकाळी आपल्या विहिरीच्या एकतीस उंच पायऱ्या उतरे. त्या उतरणीत एक गोष्ट पाहण्यासारखी होती. अठराव्या पायरीखाली एक अर्धी पायरी होती. इतकी बेताची, की लंगड्या माणसासाठीच घडवली म्हणावे. आबा नेमके तिथे थांबत, दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलत आणि ती पायरी ओलांडून थेट खालच्या पायरीवर टाकत.

गाव हसे. गावाचे म्हणणे असे, की ही पायरी सरकारच्या करारात नाही, म्हणून आबांच्या लेखी ती अस्तित्वातच नाही. मीही आधी तेच समजलो.

मी तेव्हा साताऱ्याला सरकारी इमारत खात्यात ओव्हरसिअर होतो. जुन्या वास्तूंची पाहणी माझ्याकडे असे. कडेगावचा भाग त्या काळी सातारा जिल्ह्यातच मोडे. त्याच्या पुढे दोन कोसांवर, उसाच्या मळ्यात आबांची विहीर होती. तळाशी तीन कमानींची दगडी ओवरी, खांबांवर कोरलेले हत्ती, आणि कमानीच्या पोटात पाण्याचा हलणारा उजेड. मालकी आबांची, परंतु सरकारने विहीर संरक्षित ठरवून काठावर निळी पाटी रोवली होती आणि मालकाकडून करार लिहून घेतला होता. करारात कारकुनाने एक वाक्य घातले: "सदर इमारत जैसे थे स्थितीत राखावी."

आबांना अक्षरओळख बेताची होती. पण हे दोन शब्द त्यांनी उचलले ते कधी खाली ठेवलेच नाहीत. प्रकृती विचारली तर "जैसे थे." पीक विचारले तर "जैसे थे." गाव त्यांना जैसेथे आबा म्हणू लागले. त्याचा त्यांना राग नव्हता. सरकारने किताब द्यावा तसा तो त्यांनी स्वीकारला.

त्यांचे अर्ज शाळामास्तरांच्या हस्ताक्षरात आमच्या कचेरीत येत. एकदा मधल्या कमानीला मधमाश्यांचे पोळे बसले. आबांनी विचारणा केली, "करार झाला त्या दिवशी पोळे नव्हते. ठेवावे की काढावे?" कागद साताऱ्याहून वर गेला आणि आठ महिन्यांनी उत्तर घेऊन उतरला: "पोळे जैसे थे ठेवावे." तोवर माश्या उडून गेल्या होत्या. आबांनी ताबडतोब दुसरा अर्ज धाडला. "हुकूम पोहोचण्याआधीच पोळे निघून गेले. माझा इलाज चालला नाही. कसूर माफ व्हावी."

पुढे निळी पाटी वाऱ्याने कलली. ती सरळ करण्यास खात्याने माणूस पाठवला. आबा पाटीपुढे उभे राहिले. "वाकडी झाली ती सरकारच्या वाऱ्यानं. तुज्याकडं ती सरळ करायचा कागद हाय का?" कागद नव्हता. माणूस परत आला. पाटी शेवटपर्यंत कललेलीच राहिली.

लग्नानंतर नवरा-नवरीने विहिरीचे पाणी पुजण्याची त्या गावची रीत. एका वऱ्हाडाला कमानीवर तोरण बांधायचे होते. आबा खिळा मारू देईनात, दोरीही गुंडाळू देईनात. अखेरीस नवरीचे दोन मामा हात उंच करून तोरण धरून उभे राहिले. पूजा लांबली. मामांचे हात आठ दिवस दुखत होते, असे सांगतात.

महायुद्धाच्या काळात खात्याने आम्हाला दुसऱ्या कामांना जुंपले. पाच वर्षे मी तिकडे फिरकलो नाही. युद्ध संपल्याच्या दुसऱ्या वर्षी आबांविरुद्ध अर्ज आला. अर्जदार त्यांचा चुलतभाऊ बाळकू. विहिरीच्या पाण्यात त्याचा हिस्सा होता. कठड्याचे चार दगड काढून त्याला दुसरी मोट लावायची होती, आणि आबांनी दगडाला हात लावू दिला नव्हता. बाळकूने लिहवले होते, की कायदा शिकवणाऱ्या या मनुष्याच्याच विहिरीत करारानंतर एक नवी पायरी बसवलेली आहे. वरिष्ठांनी मला हुकूम दिला: पाहणी करावी, पायरी नंतरची आढळल्यास मालकाकडून उखडून घ्यावी.

मी जुना नकाशा आणि टेप घेऊन गेलो. बाळकू काठावर हजर होता.

"मोजा सायेब, मोजा. सरकारच्या येकतीस, आमच्या आबाच्या बत्तीस. माझं चार दगूड जड झालं, आन् ह्येंची पायरी गिळली!"

आबा पुढे उतरू लागले. अठराव्या पायरीवर थांबले, पाय उचलला आणि ओलांडून गेले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"बगितलं?" बाळकू मागून म्हणाला, "सरकारला भिऊन पाय ठिवत न्हाई. बसवताना भ्या वाटलं न्हाई व्हय?" आणि तो त्या पायरीवर पाय देऊन खाली आला. मीही तसाच आलो.

ओवरीत बसून मी नकाशा उलगडला. नकाशात एकतीस पायऱ्या होत्या. मी विचारले, "आबा, ही पायरी तुम्ही बसवली?"

"न्हाई."

"मग कोणी?"

"मारुतीनं."

मारुती हा त्यांचा एकुलता मुलगा. पलटणीत होता. शेवटच्या रजेवर आला तेव्हा बापाला उतरताना त्याने पाहिले. रजेचे चार दिवस मळ्यातला काळा दगड घडवण्यात घालवले. पायरी बसवली आणि त्याच संध्याकाळी कराडची मोटार धरली. नंतर ब्रह्मदेशाच्या बाजूने तार आली: बेपत्ता. पुढे पलटणी परतल्या. मारुतीची खबर आली नाही.

"सई म्या केली हाय," आबा म्हणाले. "करार म्हंजी करार. काडायची तर काडा. फकस्त पार म्या लावनार. दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई."

पार म्हणजे पहार. ती त्यांनी आधीच आणून खांबाला टेकवून ठेवली होती.

मी म्हणालो, "मुलाने तुमच्या गुडघ्यासाठी पायरी केली. करारात नसेल, पण इथे बघायला कोण होते? तुम्ही तिच्यावर पाय का देत नाही?"

आबा पाण्याकडे पाहत राहिले.

"आवं सायेब, झिजंल की." मग म्हणाले, "छिन्नीचं घाव अजून ताजं हायती त्येच्यावर. त्यो येईस्तवर ऱ्हायला पायजेत. आला म्हंजी त्येच्या देखत ठिवीन पाय. मग झिजंना का."

"आन् आमी इतकी वर्सं..." बाळकू बोलता बोलता थांबला.

"तुमाला कसं सांगू, ठिवू नगा म्हून? पान्याला समदी येत्यात." आबा म्हणाले, "म्हून म्या तेवडा ठिवत न्हाई."

बाळकूने पहार उचलली आणि आपल्या खांद्यावर घेतली.

"सायेब," तो म्हणाला, "म्या मोजाय चुकलो. येकतीसच हायती."

"अर्जावर अंगठा तुझा आहे."

"माझाच हाय. चुकलो म्हून ल्ह्या. लय उजेड न्हवता म्हून ल्ह्या."

माझ्या नोकरीला तेव्हा एकवीस वर्षे झाली होती. तोवर मी कागदावर कधी खोटे लिहिले नव्हते. मी अहवाल तिथेच, गुडघ्यावर फळी ठेवून लिहिला. पायऱ्या एकतीस. स्थिती जैसे थे. अर्जदाराची मोजणीत चूक. आबांच्या विनंतीवरून तो त्यांना वाचून दाखवला. 'जैसे थे' ऐकताना त्यांचे ओठ हलले, पण शब्द बाहेर पडला नाही.

नंतर आम्ही वर निघालो. आबा सर्वांत मागे होते. बाळकू पुढे होता. अर्ध्या पायरीशी तो थांबला, एका हाताने धोतर सावरले, खांद्यावरची पहार सांभाळली आणि ती पायरी ओलांडून गेला.

माझ्या बुटांना खिळे होते. मीही ओलांडली.