सासूबाईंच्या तोंडातली कपबशी

"माझ्या तोंडात सुनेनं कपबशी बसवलीय," असं एर्मेलिंदाबाईंनी त्या दुपारी चौथ्यांदा सांगितलं, तेव्हा नोएलियाने ताटल्या जरा आपटूनच मांडल्या.

लोस आल्गोदोनेस या गावात दर चौथ्या दारावर दाताच्या डॉक्टरची पाटी. त्यात नोएलियाचा दवाखाना नवा, म्हणजे माशा मारायचा. वर्षापूर्वी तिने सासूबाईंच्या जबड्यात स्क्रू बसवून त्यावर सिरॅमिकची दाढ चढवली, तेवढीच जाहिरात म्हणून. पण सासूबाई गावभर सांगत सुटल्या, "दिसायला झकास आहे हो, पण चिनी माती ती चिनी माती. आज ना उद्या फुटणारच."

आज सहा जानेवारीच्या तीन राजांच्या सणाला तिने मुद्दाम क्रिस्पीनकाकांना बोलावलं होतं. काका गावच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. पुढचे तीन दात गेले आणि वाजवणंही थांबलं. एर्मेलिंदाबाईंची दाढ स्वतःच्या डोळ्यांनी पाहून ते काय ते ठरवणार होते. काका 'हो' म्हणाले की अख्खा बँड मागोमाग येणार, हे नोएलिया जाणून होती.

सणाचा पाव, रोस्का, कड्यासारखा गोल आणि गोड. त्यात लपवलेली बाहुली ज्याच्या तुकड्यात निघेल, त्याने दोन फेब्रुवारीला सगळ्यांना तमाले, म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे, खाऊ घालायचे. गेल्या वर्षी नोएलियाच्या नवऱ्याने, उलिसेसने, प्लास्टिकची बाहुली घोटभर कॉफीबरोबर गिळून हात वर केले होते. म्हणून यंदा सासूबाईंनी रोस्का स्वतः भाजला, आत आजीच्या वेळची चिनी मातीची बाहुली घातली आणि ती बरोब्बर लेकासमोर येईल असं ताट ठेवून त्या चॉकलेट ढवळायला आत गेल्या. इकडे कॉफीची किटली मावेना, म्हणून नोएलियाने ताट जरा फिरवलं.

ज्याने त्याने आपल्या पुढ्यातला तुकडा कापून घेतला. सासूबाईंनी लेकाकडे डोळे लावून पहिला घास चावला आणि कट्टकन आवाज झाला. पांढरी कपची टुणकन बशीत पडली.

"फुटली!" गालावर हात ठेवून त्या ओरडल्या. "सांगत नव्हते मी? फुटली कपबशी!"

तेवीस माणसांच्या माना वळल्या. क्रिस्पीनकाकांनी गुपचूप टोपी उचलली. नोएलिया धावतच सासूबाईंपाशी आली.

"सासूबाई, आ करा बघू."

सासूबाईंनी दाढेवरून जीभ फिरवली आणि त्यांचे डोळे विस्फारले. दाढ जागच्या जागी होती! मग गालाशी हे टोचतंय ते काय? कळलं तसे त्यांनी ओठ घट्ट मिटले. तोंड उघडलं तर तेवीस जणांचे तमाले.

"आई, आ कर की!" उलिसेस म्हणाला.

"अंहं."

एव्हाना काकांनी चष्मा लावून ती कपची उचलली होती. "डॉक्टरीणबाई, तुम्ही दाताला डोळे आणि भिवयाही काढता का हो?"

सगळे वाकून बघायला लागले. बशीतून बाहुलीचं अर्धं तोंड त्यांच्याकडे बघून हसत होतं. उलिसेस खुर्चीवरच चढला. "तमाले! आईचे तमाले!" हशा इतका उसळला की सासूबाईंनाही हसू आवरेना, आणि उरलेली बाहुली बाहेर पडली.

"म्हणजे चिनी माती चिनी मातीला भिडली, आणि तुमची जिंकली," काकांनी टोपी खुंटीला लावली. "सोमवारी येतो. तिन्ही दात बसवा." नोएलियाला काकांना मिठीच मारावीशी वाटली.

तिने आधी मोबाइलचा उजेड सासूबाईंच्या तोंडात पाडला. दाढेवर ओरखडासुद्धा नव्हता. पण तिच्यासमोरच्या खालच्या दाढेचा कोपरा उडाला होता.

"सासूबाई, एक दाढ खरंच फुटलीय."

"बघा! कोणती?"

"खालची. तुमची स्वतःची."

सासूबाईंनी खुर्चीत सरसावून मोठ्ठा आ केला.

"मग बघत काय बसलीस? काढ ती, आणि तिथेही कपबशी बसव!"