ट्यूनरची तार आणि आग्नेसचे बोंबील

माझ्या ट्यूनरवर एकदा रेडिओ ऐका, मग फोनवर रेडिओ ऐकणाऱ्यांची तुम्हाला दयाच येईल! जुना जपानी ट्यूनर, लाकडी पेटी, हिरव्या उजेडात सरकणारा काटा. निवेदिकेनं आवंढा गिळला तरी कळतं! हे मी आमच्या अख्ख्या गिरीज गावाला सांगून ठेवलंय. त्यामुळे हल्ली मला पाहिलं की लोक सायकल वळवून घेतात.

त्या रविवारी मात्र खरी परीक्षा होती. आमची डायना मुंबईच्या एफएमवर पहिल्यांदाच थेट गाणार होती, तीही आमच्याकडची लग्नाची गाणी! मी आठवडाभर बजावत होतो, "लेकीचा आवाज ऐकायचा तर ट्यूनरवरच. कुणी फोन काढायचा नाही!" मुंबईचं स्टेशन खाडी ओलांडून आमच्या वाडीत पोचेपर्यंत दमतं, म्हणून अंगणातल्या दोन माडांच्या मध्ये तांब्याची नवीकोरी तार ताणली. सकाळी लावून पाहिलं. काय आवाज! चर्चमध्ये मिस्साला गेलो तो तरंगतच.

परत आलो तर मेहुणा फ्रेडरिक सासरची सगळी फौज घेऊन घरात हजर. मी ऐटीत बटण दाबलं.

खर्रर्र!

काटा कुठंही सरकवला तरी तेच! कार्यक्रम सुरू व्हायला आलेला!

"भावोजी, हाच का तो आवंढा?" फ्रेडरिकनं विचारलं.

"गप रे फ्रेडी!"

"फोनवर लावू का?"

"फोनला हात लावशील तर बघ!"

बोललो खरा, पण बटणं फिरवून काही उपयोग होईना. तिकडे पोर माइकसमोर उभी असणार, आणि इकडे माझ्या हट्टापायी घरच्यांनाच तिचा आवाज मिळणार नाही! मी अंगणात धावलो.

तारेवर बोंबील! ओले, लोंबते, जबड्यात जबडा अडकवून टांगलेले. तार पार जमिनीला टेकलेली, आणि खाली शेजारपाजारची मांजरं पंगतीला बसलेली.

"आग्नेस! हे काय?" मी बायकोला हाक मारली.

"आगोटीचे बोंबील. पावसाळ्यात कालवणात काय तुमचा ट्यूनर घालू?"

"अगं, ही अँटेना आहे!"

आग्नेसचा चेहराच पडला. "मला वाटलं, जन्मात पहिल्यांदा न सांगता माझ्यासाठी बोंबील वाळवायची वलांडी बांधलीत. मी तर माहेरी सगळ्यांना सांगितलंसुद्धा!"

तेवढ्यात एका बोक्यानं उडी घेतली आणि तार एका माडावरून सुटली. मी टोक पकडलं आणि हात उंच केला.

"आला! आवाज आला!" आतून गलका झाला.

मी हात खाली घेतला. खर्रर्र!

"भावोजी, हात वर! हलू नका! डायनाच आहे!"

मी हात वर करून उभा राहिलो. बोका माझ्या पँटवर चढू लागला. "अरे, आवाज वाढवा! मलाही ऐकू द्या!" मी ओरडलो. पण मध्येमध्ये कावळ्यांची काव काव येते म्हणून फ्रेडरिकनं दारखिडक्याच लावून घेतल्या!

आग्नेस तेवढी एकदा बाहेर आली. खाली पडलेले बोंबील तिनं धुतले, तोल सांभाळायला आडव्या धरलेल्या माझ्या दुसऱ्या हाताकडे पाहिलं, आणि एकेक जोडी त्यावर टांगून दिली. "उभेच आहात ना!" म्हणाली आणि आत पळाली.

शेवटी दार उघडलं. फ्रेडरिकचे डोळे ओले. "मानलं, भावोजी! पोरगी आधी घाबरली होती. आवंढा गिळला, तोसुद्धा ऐकू आला!"

मला फक्त कावळे ऐकू आले होते.

लगेच डायनाचा फोन. आग्नेसनं तो माझ्या कानाला लावला.

"पप्पा, आवाज कसा वाटला?"

"अगदी समोर बसून गातेयस असा, बाय!" मी म्हणालो. माझा आवंढा मात्र तिला ऐकू गेला नसावा.

"पुढच्या रविवारीही बोलावलंय मला!"

आग्नेसनं फोन काढून घेतला. "जा गं बाय, नक्की जा! पप्पांच्या अंगावर बोंबील काय छान वाळतात!"