कोमट पाण्याची मोटार

चैत्रातल्या शेवटच्या मंगळवारी, सकाळी साडेदहा वाजता, असोद्याच्या विहिरीजवळ रखमाअक्कांवर अन्याय झाला. त्यांनी शेंदलेला, डोक्यावर चढवलेला पिण्याच्या पाण्याचा हंडा एका माणसाने भर रस्त्यात उतरवून घेतला. स्वतःसाठी नाही, गुरासाठी नाही. मोटारीला पाजण्यासाठी! बरं, लगेच पाजला असता तर मी एक वेळ गप्प बसलो असतो. त्याने तो हंडा उन्हात दगडावर ठेवला, पाण्यात बोट बुडवलं आणि म्हणाला, "आजून थंडं शे. थांबा जरासा, अक्का."

खानदेशातलं चैत्राचं ऊन! माणसं गार घोटासाठी तळमळताहेत आणि हा गृहस्थ विहिरीचं गार पाणी कोमट होण्याची वाट पाहतोय. अक्का अर्धा तास लिंबाखाली बसून होत्या. घरी त्यांची सून नवव्या महिन्यात, पाण्यासाठी खोळंबलेली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

या गृहस्थाला गाव नाना मिस्त्री म्हणतं. मूळचे साक्रीकडचे, म्हणून बोली तिकडची. पंचवीस वर्षं जळगावच्या एका कापसाच्या जिनात मिस्त्री होते. आता पन्नाशी उलटली आहे, घरात एकटेच असतात. मी धुळ्याहून दारूबंदीच्या प्रचाराला असोद्यात येऊन जेमतेम महिना झाला होता. महिनाभरात या एका माणसाने मला जितके धक्के दिले तितके सरकारनेही दिले नसतील.

पहिला धक्का ती मोटारच. लाल, ठेंगणी, छप्पर नसलेली, शर्यतीच्या घाटाची. जागा दोनच. जिनाच्या गोऱ्या साहेबाची ती हौस. साहेब लढाईवर गेला, गाडी एका रुईच्या व्यापाऱ्याच्या गळ्यात पडली. पेट्रोल कुपनांवर आलं तशी त्यालाही ती नकोशी झाली. तेव्हा नानांनी काय करावं? आपली धडधाकट निमाडी बैलजोडी त्याला दिली आणि हे धूड घरी आणलं! गावाने विचारलं, "नांगराले जुपशीन का तिले, नाना?" नाना म्हणाले, "ती नांगर नही वढावं." बस्स. एवढंच स्पष्टीकरण.

दुसरा धक्का खुराकाचा. ही गाडी पेट्रोलवर सुरू होते आणि शंभर पावलांवर नाना एक कळ फिरवून तिला रॉकेलवर नेतात. रॉकेल तिला सोसत नाही. इंजिन खडखडतं, तापतं आणि मैलभर गेलं की पाणी उकळून वाफ शिट्टी मारते. मग नाना उतरतात, आईने पोराच्या कपाळावर ठेवावा तसा बॉनेटवर हात ठेवतात आणि दुःखाने सांगतात, "ती तापेल शे." छत्री उघडून बॉनेटवर धरतात. स्वतः उन्हात! टक्कल लाल होतं तरी छत्री इंचभर सरकत नाही.

मधे त्यांनी मोहाची दारू घालून पाहिली. यावलकडून कोणीतरी आणून दिली. मी दारूबंदीचा प्रचारक, आणि सकाळी सकाळी सगळी आळी मोहाने घमघमलेली! मी तावातावाने त्यांच्या अंगणात गेलो. म्हटलं, "नाना, तुम्हाला लाज नाही वाटत?"

"मी नही पेस, भाऊ," नाना शांतपणे म्हणाले. "ती पेस."

"आणि?"

"तापनी नही. पन झोकांड्या देस."

अर्ध्या मैलावर ती ठाम बसली, बैलांनी ओढून आणावी लागली. नाना परत रॉकेलवर आले. मी मात्र त्या दिवशी काय पत्रक काढावं या विचाराने रात्री जेवलो नाही. मोटार दारू पिते याला कायद्यात शब्दच नव्हता.

तिसरा धक्का सर्वांत मोठा. नानांच्या खाटेखाली पेट्रोलचा एक डबा आहे. तोंड मेण लावून बंद केलेलं. कुपनांवर मिळणारं पेट्रोल थेंब थेंब त्यात जातं. सुरू करण्यापुरतं चमचाभर गाडीला, बाकी सगळं डब्यात. म्हणजे चांगलं पेट्रोल लपवायचं, गाडीला रॉकेल पाजायचं, गाडी तापवायची आणि बायाबापड्यांचे हंडे अडवायचे! मी विचारलं, "हे साठवताय कशाला?" तर म्हणाले, "लागस." कोणाला लागतं? कधी लागतं? फडक्याने डबा पुसत बसले.

आणि ती डावी जागा. चालवणाऱ्याच्या शेजारची. तिथलं आसन काढून नानांनी गोधडी अंथरलीय, वर धुतलेलं पांढरं लुगडं घडी करून. एकदा भर दुपारी मी जळगावला पायी निघालो होतो. मागून नाना आले. मी हात केला.

"ती जागा मोकळी नही, भाऊ."

"कोण बसलंय तिथे? गोधडी?"

"मोकळी नही," म्हणाले आणि खडखडत निघून गेले. पुढे मैलावर वाफ काढत उभेच होते. मी शेजारून चालत गेलो, नमस्कारसुद्धा केला नाही. ते मात्र म्हणाले, "पाय भाजत व्हतीन, सावलीम्हा बस." मी बसलो नाही.

तर अशा माणसावर मी पत्रक काढलं. 'असोद्याचा साठेबाज' हा मथळा. हंडा, छत्री, मोहाची दारू, डबा, गोधडी, सगळं लिहिलं. शेवटी मागणी केली की डबा जप्त करावा. गावात वाटलं, जळगाव-धुळ्यालाही पाठवलं. आश्चर्य असं की कोणी पेटलंच नाही. बाया पदराआड हसल्या. एका म्हाताऱ्या आबांनी पत्रक उलटसुलट पाहून विचारलं, "हे काय छापलं रे, बाबू?" आणि त्यात तंबाखू बांधली.

पुढचा मंगळवार आला. तीच विहीर, तोच लिंब, तीच वाफ. दगडावर अक्कांचा हंडा, बॉनेटवर छत्री. नाना पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून, काही हत्यार आणायला गाडीच्या मागच्या बाजूला गेले होते. अक्का लिंबाखाली टेकल्या होत्या. माझ्या डोक्यात सणक गेली. पाणीच हवं ना? विहीर वीस पावलांवर आहे! मी बादली सोडली, तळातलं गारेगार पाणी शेंदलं, धावत आलो आणि एका दमात त्या तापलेल्या टाकीत ओतलं.

टण्.

एवढाच आवाज झाला. फुटक्या घंटेसारखा. मग इंजिनातून पाणी ठिबकायला लागलं, जिथून ठिबकायला नको तिथून.

नाना मागून आले. बॉनेट उघडून वाकले. इंजिनाच्या वरच्या बिडाच्या झाकणावर, ज्याला मिस्त्री लोक हेड म्हणतात, एक केसाएवढी रेघ उमटली होती. तिच्यावरून त्यांनी बोट फिरवलं. बोट ओलं झालं.

"पानी थंडं व्हतं ना?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"तापेल लोखंडले थंडं पानी चालस नही, भाऊ. बाळंतीनले कोनी थंडं पानी देस का?" मग म्हणाले, "तुनी चूक नही. मनी चूक. तुले सांगानं राही गयं."

मी शिव्यांची तयारी ठेवून उभा होतो. नानांनी बॉनेटवरची छत्री काढली आणि माझ्या डोक्यावर धरली. "ऊन शे," म्हणाले.

रखमाअक्का उठून आल्या. त्या रेघेकडे बघत होत्या. हंड्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

"अक्का, तुमचा अर्धा अर्धा तास फुकट जातो म्हणून मी..."

"तुले कोनं सांगलं रे, मी ताटकयत बसते म्हनून?" अक्का कडाडल्या. "मी माह्या मनानं बसते. त्या गाडीले पानी मीच पाजीन म्हनून बसते. माह्या सुनचे दिवस भरत आले, ते दिसलं तुले. ती कोन्त्या गाडीत जाईन, ते नाही दिसलं?"

मग जे कळलं ते गावात पोराबाळांनाही ठाऊक होतं. मला नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. मी फक्त छापत होतो. नानांचं लग्न उशिरा झालेलं; पाच वर्षांपूर्वी बायको पहिलटकरीण. अडली. नानांनी तिला बैलगाडीत घालून जळगावच्या दवाखान्याची वाट धरली. वैशाख होता. बैल उन्हाने बसले, उठेनात. या लिंबापर्यंतच ती पोचली, तिथेच गेली. बैलांचा दोष नव्हता, नानांनी त्यांना पुढेही कधी मारलं नाही. पण संधी मिळाली तशी जोडी देऊन टाकली आणि गावात मिळू शकेल ती सर्वांत वेगवान वस्तू घरी आणली.

शुद्ध पेट्रोलवर ती गाडी कधीच तापत नाही. पंधरा मिनिटांत दवाखाना. आजवर चौघी गेल्या, चौघी पोरं घेऊन परत आल्या. इंजिन गंजू नये, ऐन वेळी अडू नये म्हणून रोज तिला रॉकेलवर फिरवायचं आणि चांगलं पेट्रोल त्या एका दिवसासाठी ठेवायचं. ही नानांची साठेबाजी. आणि ती जागा खरोखरच मोकळी नव्हती.

आता सगळं थंड आहे. नानांनी रेघेवर साबण लावून पाहिला, शिसं ओतून पाहिलं. धरत नाही. डबा खाटेखाली भरलेला आहे. काल सकाळी नाना शेजाऱ्याच्या दारात बैलजोडी मागायला गेले. उंबऱ्याशी बराच वेळ उभे राहिले. शेजाऱ्याने विचारलं, "काय पाहिजे, नाना?" तर "काही नही," म्हणाले आणि परत आले. येऊन डाव्या बाजूची गोधडी उन्हात टाकली, झटकली, पुन्हा अंथरली.

म्हणून या नव्या पत्रकाची पहिली ओळ दुरुस्त करून वाचा. अन्याय वैशाखातल्या पहिल्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजता झाला. तो नाना मिस्त्रींवर आणि रखमाअक्कांच्या सुनेवर झाला. करणारा मी.

सुईण म्हणते, पौर्णिमा उलटणार नाही. जळगावच्या, धुळ्याच्या वाचका, माझं मागचं पत्रक फाडून टाक. मग तुझ्या जिनात, वखारीत, कोण्या साहेबाने सोडलेल्या बंगल्याच्या गाडीखान्यात जाऊन बघ. तशी चार सिलिंडरांची ठेंगणी गाडी पडून असेल तर तिचं हेड खोलून काढ आणि असोद्याला घेऊन ये. हेड नसेल तर तुझी चालती मोटार आण, लिंबाखाली उभी कर आणि पौर्णिमेपर्यंत हलवू नकोस. पेट्रोल आमच्याकडे आहे. येताना तिला पाणी लागलं, तर कोमट घाल.